'आसेत्तो कोर्सा'सारखा रेसिंग सिम्युलेटर खऱ्या गाडीच्या कितपत जवळ जातो?
टायर आणि रस्ता यांच्या बाबतीत बराच जवळ जातो, चालकाच्या शरीराच्या बाबतीत मात्र फारसा नाही. इटलीतील कुनोस सिम्युलात्सिओनी या कंपनीने २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेल्या या खेळातील अनेक ट्रॅक लेसर स्कॅनिंगने मोजून घेतलेले आहेत. त्यामुळे जर्मनीतील न्युरबुर्गरिंग या शर्यतीच्या संकुलातील सुमारे २०.८ किलोमीटर लांबीच्या नॉर्डश्लायफ या ट्रॅकवरील चढउतार आणि उंचवटे प्रत्यक्षात जिथे आहेत तिथेच खेळाला जोडलेल्या स्टिअरिंगमधून हाताला जाणवतात. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर सरकणे, ब्रेक दाबताच तो पुढे येणे, टायर थंड असताना पकड कमी मिळणे, हे सारे त्या त्या क्षणी गणिताने काढलेले असते.

उणीव राहते ती शरीराला बसणाऱ्या ओढीची. खऱ्या गाडीत मागची चाके घसरू लागली की ते आधी कंबरेला कळते. घरच्या खुर्चीत ते केवळ डोळ्यांना आणि मनगटांना, म्हणजे किंचित उशिराच, कळते. शिवाय अपघाताची भीती नसते, आणि ती नसली की कोणीही शूर होतो.

तरीही हे कौशल्य अगदीच खोटे नसते. 'ग्रान टुरिस्मो' हा रेसिंगचा व्हिडिओ गेम खेळून जीटी अकादमी ही खेळाडूंमधून खरे रेसिंग चालक निवडणारी स्पर्धा जिंकलेला स्पेनचा लुकास ओर्दोनेझ २०११ मध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या दुसऱ्या श्रेणीच्या गटात दुसऱ्या आलेल्या संघात होता. अर्थात, त्याआधी त्याला प्रत्यक्ष ट्रॅकवर प्रशिक्षण मिळालेले होते. कीबोर्डवर खेळणार असाल, तर मात्र यातील बहुतेक बारकावे आपल्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.