सासूबाईंच्या पायाची जखम अन् मशरूमची पावडर

प्रश्न : सासूबाईंना शुगर आहे, वीसेक दिवस झाले चप्पल लागून अंगठ्याखाली जखम झाली ती भरूनच नाही राहिली, पण दुखत नाही म्हणतात. भाच्याने रेशी मशरूमची पावडर आणून दिली, खोबरेल तेलात कालवून जखमेत भरा म्हणे. सासूबाई तर लगेच तयार, त्यांच्या आई गावाकडे कापलं की वाळलेल्या कुत्र्याच्या छत्रीची भुकटी लावायच्या. लावू का? आणि मुलगी चेहऱ्याला मशरूम सीरम लावते, ते चालेल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नका लावू जी.

तुमच्या सासूबाईंच्या आई काही चुकीच्या नव्हत्या. दाबली की धूर सोडते ती गोल छत्री, तिची कोरडी भुकटी रक्त शोषून घेते, युरोपातही लोक रक्त थांबवायला ती वापरायचे. पण ते ताज्या कापल्याचं झालं, इथे रक्त थांबवायचंच नाहीये, वीस दिवसांची शुगरची जखम आहे.

आता भाच्याचं. मशरूमच्या पेशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखरेची लांब साखळी असते, ती दिसली की आपल्या पांढऱ्या पेशींना वाटतं बुरशी घुसली आणि त्या खडबडून जाग्या होतात. त्यातल्या मॅक्रोफेज पेशी जखमेतला कचरा उचलतात, नवीन कातडीला बोलावणं धाडतात, आणि शुगरमध्ये नेमक्या ह्याच पेशी ढिल्या पडतात, म्हणून संशोधकांचा ह्यात जीव अडकलाय. प्राण्यांवर निकाल चांगले आहेत, माणसांवरचं काम अजून थोडं. पण तिथे वापरतात तो काढलेला, शुद्ध केलेला, जंतू मारलेला पदार्थ, आणि पाकिटात काय तर भुशावर वाढवून, वाळवून दळलेलं मशरूम, त्यात जंतू असणारच, वरून तेल.

एकदा एका काकांची पट्टी सोडली, आत कसलीशी पावडर अन् हळदीचा थर, भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक. सलाइनने भिजवून हळूहळू उचलला तर खाली पू. वरून जखम सुकल्यासारखी दिसत होती बाप्पा, म्हणून घरचे खूश होते.

आणि दुखत नाही हीच तर काळजीची गोष्ट आहे, शुगरने पायाच्या नसा बधिर होतात म्हणून कळत नाही. उद्याच सर्जनला दाखवा. पायाची नाडी लागते का, हाडापर्यंत गेलं का हे ते बघतील, गरज वाटली तर एक्स-रे काढतील, मेलेली कातडी काढतील. घरी तुमच्या हातात दोन गोष्टी, शुगर आटोक्यात आणि त्या अंगठ्यावर भार नाही. ड्रेसिंग कितीही महागाचं करा, त्याच पायाने दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहिलं तर काही उपयोग नाही. काळं पडलं, वास आला, लाली वर चढली किंवा ताप आला तर रात्रीच जा, सकाळची वाट नका पाहू.

ती पावडर खाऊही नका घालू. रेशीने शुगर आणखी उतरू शकते, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती.

सीरमचं तसं सोपं आहे. डबीवर ट्रेमेला लिहिलं असेल तर ते पांढरं जेलीसारखं मशरूम, पाणी धरून ठेवतं. ओल्या चेहऱ्यावर लावून वरून साधं क्रीम लावायचं, नाहीतर आपल्या मे महिन्यात काही टिकत नाही. कोजिक अॅसिड असेल तर ते मशरूमचं नव्हेच, जपानी लोक तांदूळ आंबवायला जी बुरशी वापरतात तिच्यातून १९०७ मध्ये सापडलं. डाग फिके करतं, पण काहींना खाज-लाली येते, युरोपात तर १ टक्क्याच्या वर परवानगी नाही. आधी कोपराच्या आत दोन-तीन दिवस लावून पाहा म्हणा, आणि कॉलेजला स्कूटीवर जाताना स्कार्फ बांधला तरी सनस्क्रीन हवंच.

बाकी पावसाळ्यात ओळखीच्या बाईकडे टेकोडे, म्हणजे आपले रानातले खायचे मशरूम, मिळाले तर मस्त भाजी करा, सासूबाईंनाही वाढा. पाकीट भाच्याला परत.