शिंद्यांचे सिंधिया कसे झाले?

साताऱ्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं माहेर शिंद्यांचं, कोरेगाव तालुक्यातलं. भाचा दिल्लीत शिकायला आहे. तिथं मेसमधल्या पोरांनी त्याला विचारलं, "तू शिंदे म्हणजे सिंधियाच ना? मग ग्वाल्हेरच्या महाराजांचा कोण लागतोस?" पोरगं गोंधळलं आणि त्यानं आत्याला फोन लावला. ताईंनी घरातले जुने कागद बाहेर काढले. आजोबांच्या पलटणीतल्या पेन्शनच्या पुस्तकात इंग्रजीतून 'सिंदे' निघालं, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'शिंदे' आणि एका चुलत्यांच्या पासबुकावर चक्क 'शिंधे'. यातलं खरं कोणतं? सिंधिया आणि आपण एकच का? आणि शेवटी, "जाता जाता, 'शिंदेंनी' लिहायचं की 'शिंद्यांनी' तेही सांगा."

गंमत अशी की ताईंनी जाता जाता जे विचारलंय, त्यातच आधीच्या प्रश्नांचं निम्मं उत्तर आहे. म्हणून सुरुवात शेपटाकडून करतो.

'शिंदे' हे रूप मुळात अनेकवचन आहे. आंबा-आंबे, घोडा-घोडे, तसं शिंदा-शिंदे. मान द्यायचा म्हणून आपण एका माणसालाही अनेकवचनात बोलतो, म्हणून एकटे असले तरी शिंदेच आले, शिंदा आला नाही. जुन्या बखरींत आणि पोवाड्यांत 'शिंदा', 'भोसला' असे एकेरी उल्लेख येतात, ते याच घडणीचे. आता आंब्याला प्रत्यय लावताना आपण 'आंबेंना' म्हणतो का? 'आंब्यांना' म्हणतो. त्याच न्यायानं शिंद्यांना, शिंद्यांनी, शिंद्यांचा. व्याकरणाचं पुस्तक न उघडताही हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. "शिंद्यांच्यात लगीन हाय" असंच आपण म्हणतो. 'शिंदेंच्यात लगीन' असं म्हणणारा माणूस मला अजून साताऱ्यात भेटायचाय.

गावांनी तर ही रूपं दगडात कोरल्यासारखी जपली आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, त्याचं 'मोहितेंचे वडगाव' कुणी केलेलं नाही. जावळी मोऱ्यांची, जतची जहागीर डफळ्यांची आणि पुण्याजवळ वानवडीत महादजींच्या समाधीवर उभी आहे ती शिंद्यांची छत्री. समास असेल तर मात्र मूळ रूप तसंच राहतं: शिंदेवाडी, शिंदेशाही पगडी, शिंदेशाही तोडे. प्रत्यय आला की शिंद्यां-, समास झाला की शिंदे-. यात गोंधळ नाही.

मग 'शिंदेंनी' आलं कुठून? मला विचाराल तर शाळेतून. आमच्या वर्गात पोरांना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. "ए शिंद्या, बॉल दे", "ए भोसल्या, गप बस", "ए पाटला, सर आले". हे 'शिंद्या' कानात इतकं बसलेलं असतं की मोठेपणी एखाद्या साहेबांबद्दल लिहिताना 'शिंद्यांनी' म्हटलं तर आपण त्यांना शाळेतल्यासारखी हाक मारतोय असं वाटतं. मग आडनावाला हात न लावता मागं 'नी' चिकटवायचा, किंवा वर्तमानपत्री थाटात 'शिंदे यांनी' लिहायचं. 'यांनी' मला चालतं. 'शिंदेंनी' आता इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणून काही उपयोग नाही. पण 'शिंद्यांनी' गावंढळ आहे असं कुणी म्हणालं तर मात्र त्याला वानवडीला नेऊन ती छत्री दाखवावी.

तर हे जे 'शिंद्या' आहे, ते लक्षात ठेवा. आता आडनावाच्या पुढच्या टोकाकडं जाऊ.

आजोबांच्या कागदावरचं 'सिंदे' ही कारकुनाची चूक असेलच असं नाही. पेशवाईतल्या मोडी कागदांतही 'सिंदे' असं लिहिलेलं सापडतं. स आणि श यांची ही अदलाबदल मराठीच्या हाडात आहे. इ, ई, ए यांच्या आधी स आला की मराठी जीभ त्याचा श करते. सिंदूर होतो शेंदूर, सीमा होते शीव, सिवणं होतं शिवणं. गावांची नावं घ्या: बुलढाण्यात सिंदखेड राजा आणि धुळ्यात शिंदखेडा. एकाच घडणीचं नाव, एका जागी स टिकला, दुसऱ्या जागी श झाला. म्हणजे सिंदे आणि शिंदे ही दोन आडनावं नव्हेत, एकाच नावाचे दोन उच्चार. (शेंडे मात्र वेगळे. त्यांचा शिंद्यांशी संबंध नाही, इंग्रजीत लिहिताना एका अक्षराचा फरक पडतो एवढंच.)

आता हे नाव उत्तरेला कसं गेलं ते पाहू, आणि त्यासाठी ताईंना फार लांब जायला नको. ग्वाल्हेरच्या घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड, त्यांच्याच तालुक्यातलं. तिथली पाटीलकी या शिंद्यांकडं होती. हे घराणं ग्वाल्हेरच्या शाखेचे मूळ पुरुष राणोजी यांच्या आधीपासूनच वजनदार असावं, कारण शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना त्यांचं एक लग्न कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या मुलीशी झालं होतं. पुढं राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरले आणि तिथंच पाय रोवले. १७४५ मध्ये ते वारले. मुलगे जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. मरता मरता त्यांनी "बचेंगे तो और भी लडेंगे" असं उत्तर दिल्याचं सांगतात. शब्द दत्ताजींचे असोत की मागाहून कुणी घातलेले असोत, ते हिंदीत आहेत याकडं लक्ष द्या. कोरेगावच्या पाटलाचं घर एका पिढीत हिंदुस्थानी बोलणाऱ्यांमध्ये जाऊन बसलं होतं. वर्षभरानं पानिपतावर जयाप्पांचा मुलगा जनकोजी गेला. उरले महादजी. त्यांनी पुन्हा सगळं उभं केलं, १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकी, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी कारभाऱ्याचं पद, मिळवली, आणि एवढं करून स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात त्यांना आनंद. लोक त्यांना पाटीलबाबाच म्हणत. १२ फेब्रुवारी १७९४ ला ते वानवडीच्या छावणीत वारले.

आता कल्पना करा, ग्वाल्हेर-उज्जैनकडच्या माणसाच्या कानावर रोज काय पडत असेल? मराठी शिपाई बोलणार शिंद्यांची फौज, शिंद्यांचा हुकूम, शिंद्यांकडं जातो. नाव प्रत्ययाशिवाय उच्चारायची वेळ फार थोडी. तिकडच्या जिभेला श जड, म्हणून त्याचा स झाला. 'द्या' मोकळा होऊन 'दिया' झाला. शिंद्या, सिंद्या, सिंदिया. शिवाय भदौरिया, सिसोदिया असल्या इया-अंती नावांची त्या मुलखाला सवय होतीच, त्या साच्यात हे नाव नेमकं बसलं. काही जण फक्त या दुसऱ्या कारणाकडं बोट दाखवतात. मला दोन्ही हवीत, पण पहिलं आधी, कारण साचा असून भागत नाही, त्यात ओतायला काहीतरी लागतं, आणि ते आपलं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधीचं 'शिंद्या-', होतं असं माझं मत आहे. भोसल्यांचंही बघा. उत्तरेत आणि इंग्रजीत ते 'भोंसला' झाले. नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलच्या पाटीवर ते रूप अजून आहे.

राहिला 'ध'. तिथं मला ओळखीच्या शब्दाची ओढ दिसते. हिंदी कानाला 'सिंद' परका, पण सिंध आणि सिंधु घरचे. ग्वाल्हेरच्या मुलखातून सिंध नावाची नदीही वाहते. ऐकू आलेल्या अनोळखी नावाला ओळखीच्या शब्दाचा सदरा घालणं हे सगळ्याच भाषा करतात. त्यात सिंध प्रांताशी या घराण्याचा काही संबंध शोधू नये, माणसं कण्हेरखेडची आहेत.

साहेबानं वर आणखी एक सी घातला. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सरळ एस आणि आय घेऊन 'सिंदिया' लिहिलं. पण १८०३ मध्ये असईच्या लढाईत महादजींचे वारस दौलतराव यांच्या फौजेशी लढलेल्या आर्थर वेलस्लीच्या पत्रांत एस, सी, आय असं सुरू होणारं आणि शेवटी एच जोडलेलं रूप आहे. तो सी उच्चारायचा नसतो, 'सीन' आणि 'सायन्स' या इंग्रजी शब्दांत तो जसा मुका, तसाच इथं. एच पुढं गळाला, सी मात्र ग्वाल्हेर दरबारानं स्वतःच्या इंग्रजी नावात ठेवून घेतला. तो मग समुद्रातही गेला. १९१९ मध्ये मुंबईत जी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली, तिचं पहिलं जहाज 'लॉयल्टी' हे ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेलं होतं. ते ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. त्या कंपनीच्या संस्थापकांतले एक वालचंद हिराचंद, ज्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. कण्हेरखेडच्या पाटलांचं आडनाव जहाजावर चढलं तेही असं वाकडं होऊनच.

आज परिस्थिती मजेशीर आहे. हिंदी वर्तमानपत्रं ज्योतिरादित्यांना सिंधिया लिहितात आणि एकनाथरावांना शिंदे, म्हणजे त्यांच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं झाली. मराठी वर्तमानपत्रं बहुधा दोघांनाही शिंदे लिहितात. आणि मोठी गंमत अशी की जे 'शिंद्या' रूप आपण लाजून टाकत चाललोय, ते ग्वाल्हेरवाले इंग्रजी पाटीवर मिरवतायत. कर्नाटकातही पी. जी. आर. सिंधिया नावाचे मंत्री होऊन गेले, म्हणजे हे रूप ग्वाल्हेरपुरतंही राहिलेलं नाही.

'शिंद' म्हणजे काय, हे ताईंनी विचारलेलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. एक वाट शिंदीच्या झाडाकडं जाते, रानखजुराकडं. सिंदखेडसारखी गावं त्या झाडावरून पडली असं मानतात. आडनावाच्या बाबतीत मात्र अभ्यासकांनी दुसरी वाट दाखवली आहे, ती दक्षिणेला जाते. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेलं सिंद नावाचं घराणं अकराव्या-बाराव्या शतकांत येलबुर्गा, बागलकोट या भागात राज्य करत होतं. ते स्वतःला नागवंशी म्हणवत, आणि ग्वाल्हेरच्या राजचिन्हातही नाग आहेतच. सिंदचं शिंद कसं होतं ते वर आलंच आहे. नाग तेवढे पुरावा म्हणून पुरत नाहीत, पण उच्चाराची वाट मोकळी असल्यामुळं मला ही जोडणी झाडापेक्षा जास्त पटते. योगायोग म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १८७३ मध्ये जन्मले ते त्याच भागात, जमखंडीला. अस्पृश्यता निवारणाच्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, पण कानडी आणि मराठी यांच्या नात्यावरही त्यांनी लिहिलं आहे.

आता भाच्याला पडलेला प्रश्न, महाराजांचा कोण? आडनाव एक म्हणजे भाऊबंद, असं होत नाही. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. प्रल्हाद शिंदे आणि त्यांची आनंद, मिलिंद ही मुलं भीमगीतांतून घराघरांत पोचली, आणि 'शिंदेशाही' म्हटलं की आजच्या पोरांना पगडीच्या आधी हेच घराणं आठवतं. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे, सयाजी शिंदे आपल्या वेळेकामथीचे, एकनाथ शिंदे महाबळेश्वर तालुक्यातल्या दऱ्याचे. जाती वेगळ्या, गावं वेगळी, आडनाव एक. ताईंचं माहेर खुद्द कण्हेरखेडचं असेल आणि घरात वंशावळ असेल तर गोष्ट निराळी, नाहीतर तालुका एक आहे एवढ्यावर समाधान मानावं. मेसमधल्या पोरांपुढं मिरवायचंच असेल तर भाच्यानं सदू शिंदे सांगावा. त्या लेगस्पिनरनं १९५१ मध्ये दिल्लीतच इंग्लंडचे एका डावात ६ बळी घेतले होते, ९१ धावांत.

कागदांचं म्हणाल तर पासपोर्टला आणि नोकरीला शाळेच्या दाखल्यावरचं स्पेलिंग धरून चला. एस, एच, आय, एन, डी, ई हे सरळ आहे, मराठी उच्चाराला तेच जवळचं. आजोबांचं 'सिंदे' आहे तसं राहू द्या, त्याला पेशव्यांच्या दप्तराचा आधार आहे. चुलत्यांच्या 'शिंधे'मधला जादा एच मात्र बँकेत अर्ज देऊन काढून घ्या. तो ना जुन्या उच्चारातला ना ग्वाल्हेरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला, संगणकावर कुणाचं तरी बोट घसरलंय, आणि उद्या वारसनोंद करायला गेलात की नेमका तोच आडवा येईल.