परदेशी बँकेत ठेव ठेवताना

प्रश्न : निवृत्तीच्या रकमेतले १२ लाख रुपये एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या शाखेत एफडी करायचे आहेत. मूळ बँक तिकडे बुडाली तर?

उत्तर : आधी अर्जाच्या तळाशी छापलेलं बँकेचं पूर्ण नाव वाचा. एचएसबीसी आणि स्टँडर्ड चार्टर्ड यांच्या इथल्या शाखा मूळ परदेशी कंपनीचाच भाग आहेत. डीबीएस बँक इंडिया लिमिटेड मात्र मार्च २०१९ पासून उपकंपनी म्हणून काम करते, म्हणजे ती भारतात नोंदलेली स्वतंत्र कंपनी आहे. मूळ कंपनी गेली की शाखाही जाते. उपकंपनीचं भांडवल आणि संचालक मंडळ वेगळं असतं.

ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई, दोन्हीकडे सारखाच : एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत, सगळ्या शाखा धरून. शाखेच्या बाबतीत आणखी एक आधार आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या ११व्या कलमानुसार परदेशी बँकेला भारतातल्या वार्षिक नफ्याच्या २० टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागते आणि कारभार बंद पडला तर त्या रकमेवर पहिला हक्क भारतातल्या धनकोंचा, म्हणजे बँकेकडून पैसे येणं असलेल्यांचा असतो. तरी यावर विसंबून सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये. १९९१ साली बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल (बीसीसीआय) ही आंतरराष्ट्रीय बँक कोसळली. तिची मुंबईतली शाखा पुढे स्टेट बँकेच्या एका उपकंपनीकडे गेली, पण मधे बराच काळ गेला. औषधपाण्याचा खर्च तेवढा थांबत नाही.

म्हणून तीन बँकांत चार-चार लाख ठेवा. पूर्ण पाच लाख ठेवले तर व्याज विम्याबाहेर राहतं. चार लाखांवर ७ टक्के दराने तिमाही चक्रवाढ धरली तर तीन वर्षांत सुमारे ४ लाख ९२ हजार होतात. मुदत त्याहून लांबवू नका.

प्रश्न : आमच्या परदेशी बँकेने किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय भारतीय बँकेला विकला. त्या भारतीय बँकेतही आमची एफडी आहे. काय तपासावं?

उत्तर : सिटीबँकेचा असा व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी अ‍ॅक्सिस बँकेकडे गेला, तेव्हा अनेक घरांत हीच स्थिती आली. आधी दोन बँका होत्या म्हणून विम्याच्या दोन मर्यादा होत्या. आता दोन्ही ठेवी मिळून एकच ५ लाखांची मर्यादा. हे बँक आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून बेरीज स्वतः करा. आयएफएससी बदलला तर निवृत्तिवेतन, लाभांश आणि म्युच्युअल फंडाकडे नवा कोड द्या. कर्जासाठी दिलेले पुढच्या तारखांचे धनादेश बदलून घ्या, नाहीतर ते न वटता परत येऊ शकतात. टीडीएस कापू नये म्हणून दिलेलं घोषणापत्र नव्या बँकेकडे पोचलं का ते विचारा. नसेल तर पुन्हा भरा. वारसाची नोंद पावतीवर छापून मागा.

प्रश्न : मुलाची ठेव बँक ऑफ बडोदाच्या दुबई शाखेत आहे. तिला हा विमा लागू आहे का?

उत्तर : नाही. भारताबाहेर स्वीकारलेली ठेव या विम्यात येत नाही, बँक भारतीय असली तरी.