उष्मांक: एकक की मूल्य?

प्रश्न: 'केळ्यात १०० उष्मांक असतात' आणि 'इथेनॉलचा उष्मांक काढा' या दोन वाक्यांतला उष्मांक एकच का?

नाही. पहिल्या वाक्यात तो कॅलरीचा पर्याय, म्हणजे एकक आहे. दुसऱ्यात एक ग्रॅम इंधन पूर्ण जळाल्यावर निघणारी उष्णता. घडण पाहिली तर दुसरा अर्थच नीट बसतो. द्रवणांक, उत्कलनांक, अपवर्तनांक: 'अंक' जोडला की त्या पदार्थाचा ठरलेला आकडा. 'पाण्याला शंभर उत्कलनांक दिले' असं कुणी म्हणत नाही. आहारलेखनात मात्र एककाचा अर्थ पक्का रुळलाय, तो आता काढता येणार नाही.

त्यात आणखी एक खोच. आहारातली कॅलरी म्हणजे खरं तर किलोकॅलरी. इंग्रजीत ती कधीकधी मोठ्या लिपीतल्या अक्षराने वेगळी दाखवतात. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे हजारपटीची चूक सहज होते.

प्रयोगात एकक आणि मूल्य यांतला फरक स्पष्ट दिसतो. ६० ग्रॅमच्या पातळ तांब्याच्या भांड्यात १०० ग्रॅम पाणी घ्या, खाली इथेनॉलचा दिवा. दिवा आधी आणि नंतर तोला. विझवताच टोपण घाला, नाहीतर उडून गेलेलं इथेनॉलही जळाल्यात जमा होतं. पाणी ढवळून सर्वांत वरचं तापमान टिपा; तापमापीचा फुगा तळाला टेकू देऊ नका.

समजा ०.५ ग्रॅम इंधन जळून तापमान २० अंशांनी चढलं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, म्हणून पाण्याने १०० × २० म्हणजे २००० कॅलरी घेतल्या; तांब्याला ग्रॅममागे साधारण ०.०९ कॅलरीच लागते, म्हणून भांड्याने ६० × ०.०९ × २० म्हणजे १०८. एकूण २१०८, म्हणजे ग्रॅमला सुमारे ४.२ किलोकॅलरी. खरं मूल्य ७.१ च्या आसपास. बाकीची उष्णता ज्योतीच्या कडेने हवेत गेली; तळाला काजळी दिसली तर ज्वलनही अपुरं. वाऱ्याला आडोसा केला आणि ज्योत भांड्याजवळ आणली तर आकडा सुधारतो, पण फार जवळ आणली की काजळी वाढते.

म्हणून वहीत 'उष्मांक ४.२' एवढंच लिहू नये. 'प्रयोगात मिळालेला उष्मांक ४.२ किलोकॅलरी प्रति ग्रॅम' असं लिहावं. एककाला कॅलरी, मूल्याला उष्मांक.

भांड्याला 'कॅलरीमापी' म्हणतात. मला 'उष्मामापी' बरा वाटतो: उत्तर जूल या उष्णतेच्या दुसऱ्या एककात काढलं तरी नाव चुकत नाही.