रिपब्लिकन म्हणजे शेटजींचा पक्ष, असं समजायचं का?

रिपब्लिकन म्हणजे उद्योगपतींचे आणि डेमोक्रॅट म्हणजे डावे, हे धरून चालावं का, असं तुम्ही विचारलंय. न्यू जर्सीत नवा आलो तेव्हा मीही तसंच धरून चाललो होतो. माझा समज मोडला तो साखरेने.

फ्लोरिडात फान्हूल बंधूंची मोठी ऊसशेती आहे. मूळचं क्युबातलं साखरसम्राट घराणं. कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर सगळं सोडून इकडे आलं. थोरला अल्फोन्सो डेमोक्रॅट. 1992 मध्ये क्लिंटन यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराचा सहअध्यक्ष. धाकटा होजे, म्हणजे पेपे, रिपब्लिकनांसाठी निधी गोळा करणारा. धंदा मात्र एकच. एका वाड्यातले दोन भाऊ दोन पक्षांत, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको!

दोन्ही पक्षांत असून या भावांना मिळतं काय? बाहेरच्या साखरेला कोटा, कोट्याबाहेर जबर आयातशुल्क. त्यामुळे अमेरिकेतला साखरेचा भाव बहुतेक वेळा जगाच्या भावापेक्षा बराच चढा असतो. सरकार कुणाचंही येवो, ही व्यवस्था टिकून आहे. आता गोळ्या-चॉकलेटवाल्यांचं बघा. तेही उद्योगपतीच, पण त्यांना साखर स्वस्त हवी. लाइफ सेव्हर्स या गोळ्यांचा मिशिगनमधला कारखाना बंद करून उत्पादन कॅनडात नेण्याचं 2002 मध्ये जाहीर झालं, त्यात साखरेचा भाव हे मोठं कारण होतं. मग यातला 'उद्योगांचा पक्ष' कुठला?

बिल्ल्यांचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात 'लिबरल' म्हणजे सरकारने लुडबुड करू नये म्हणणारा. 1930 च्या दशकात डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टनी तोच शब्द सरकारी योजनांसाठी उचलला आणि त्यांच्या आधीचे रिपब्लिकन अध्यक्ष हूव्हर 'खरा लिबरल मी' म्हणत चरफडत राहिले. आयातशुल्काचं तर विचारूच नका. रिपब्लिकन आधी कारखानदारांसाठी शुल्क लावणारे होते, नंतर खुल्या व्यापाराचे झाले. 1993 मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांनी रेटलेला नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला खुल्या व्यापाराचा करार, प्रतिनिधीगृहात 132 रिपब्लिकन आणि 102 डेमोक्रॅट मतांवर तरला. 2018 मध्ये ट्रम्प यांनी आयात पोलादावर 25 टक्के शुल्क बसवलं आणि गाडी पुन्हा जुन्या रुळावर. त्याच ट्रम्पनी काही महिने आधी कंपन्यांचा आयकर 35 वरून 21 टक्क्यांवर आणला होता. कंपन्यांनी एक गोड मानून घेतलं, दुसऱ्यावर कुरकुर केली.

आपल्या लोकांना झळ लागते ती एच-1बी व्हिसाची, म्हणजे अमेरिकन कंपन्या परदेशी कुशल लोकांना ज्यावर नोकरीला आणतात त्या व्हिसाची. डिसेंबर 2024 मध्ये ट्रम्प यांच्या बाजूचे उद्योगपती मस्क व्हिसाच्या बाजूने उभे राहिले तर ट्रम्प यांचेच कट्टर समर्थक त्यांच्यावर तुटून पडले. पुढच्याच महिन्यात डावे सेनेटर बर्नी सँडर्सही मस्कच्या विरोधात बोलले. त्या दिवसांत आमच्या ऑफिसात डबे उघडले की हाच विषय. दर निवडणुकीत डेमोक्रॅटांना मत देणारे आमचे एक काका पोळीचा तुकडा हातात धरून तावातावाने मस्कची वकिली करत होते. त्यांच्या भाच्याची फाइल तेव्हा अडकलेली होती.