मुलाची मोटरसायकल विकून टाकावी का?

मुलगा वेगवान मोटरसायकलींच्या नादी लागला आहे, रात्री जागून त्यांचेच सिनेमे पाहतो आणि सकाळी त्यातल्यासारखीच गाडी दामटतो, तर ती विकून टाकावी की नुसती किल्ली काढून घ्यावी, असा प्रश्न घेऊन माझ्याकडे पालक नेहमी येतात. या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर द्यायचे मी फार पूर्वीच सोडून दिले. का सोडले, ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा बावीस वर्षांचा होता आणि पहिल्या भेटीला आई-वडील दोघेही त्याच्याबरोबर आले होते. वडिलांनी बसता बसताच निदान सांगून टाकले. "मॅडम, सगळे त्या सिनेमांमुळे झाले आहे. नायक पुलावरून उडी मारतो, दोन ट्रकांच्या मधून निघतो आणि त्याला खरचटतही नाही. याला वाटते, आपणही तसेच." आई गप्प होत्या. मुलगा हातातल्या हेल्मेटच्या काचेवरचा ओरखडा नखाने घासत बसला होता. हेल्मेट तो न चुकता वापरतो, हे मला तेवढ्यावरूनच समजले आणि मी ते मनात नोंदवून ठेवले, कारण ज्याला जगण्याची फिकीर उरलेली नाही असा माणूस सहसा हेल्मेटच्या काचेची काळजी करत नाही. तरीही त्याला एकट्याला भेटल्यावर मी तो प्रश्न आडवळण न घेता विचारलाच. वेगात असताना 'आता काही झाले तरी चालेल' असे कधी मनात येते का? अशा तक्रारीत हा प्रश्न मी कधीच टाळत नाही. त्याने क्षणभर विचार करून नाही म्हटले आणि पुढे स्वतःहूनच सांगितले, "उलट तेव्हाच जिवंत असल्यासारखे वाटते."

हे वाक्य ऐकून पालक घाबरतात. मला त्यात घाबरण्यासारखे काही वाटत नाही. वेगाचा थरार हा आजार नाही. मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये थराराची ओढ मोजण्याची पहिली मोजपट्टी मांडली आणि पुढे या ओढीचे चार वेगवेगळे पदर दाखवले: साहसाची आवड, नव्या अनुभवांची भूक, संयम सुटण्याची प्रवृत्ती आणि कंटाळा सहन न होणे. वेगाने गाडी चालवणारी दोन मुले बाहेरून सारखीच दिसतात. पण त्यांतला एक साहसाच्या आवडीने चालवत असेल आणि दुसरा कंटाळा सोसवत नाही म्हणून, तर दोघांना एकच औषध कसे लागू पडेल? वडिलांच्या निदानात नेमकी हीच अडचण होती. सिनेमाला दोषी ठरवले की मुलाकडे निरखून पाहण्याची गरजच उरत नाही.

सिनेमाचा मुद्दा मात्र मी बाजूला सारला नाही. पुढच्या सत्रात त्याला त्याचा सर्वात आवडता पाठलाग घेऊन यायला सांगितले आणि आम्ही तो दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज गेला तसा निम्मा वेगही गेला. मग कॅमेरा कुठे ठेवला आहे हे आम्ही शोधू लागलो. बहुतेक वेळा तो जमिनीलगत होता, कारण रस्ता जितका जवळून सरकतो तितका वेग जास्त भासतो. अशा दृश्यांत कधी कधी सेकंदाला चोवीसऐवजी वीस-बावीस चौकटीच टिपतात आणि नेहमीच्या गतीने दाखवतात, हे मी सांगितल्यावर तो हसला, कारण ते त्याला आधीच ठाऊक होते. त्याच्या ध्यानात आली नव्हती ती गोष्ट वेगळी होती. त्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी पगारी असते. कोणती गाडी कोणत्या क्षणी आडवी येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असते, तालीम झालेली असते आणि गल्लीतून चेंडूमागे धावणारे मूल तिथे नसते. 1963 च्या 'द ग्रेट एस्केप'मध्ये स्टीव्ह मॅक्वीन मोटरसायकलवरून कुंपण ओलांडतो, ते दृश्य त्याला पाठ होते. मॅक्वीन खरोखरच कसलेला चालक होता, पण ती उडी बड एकिन्स या स्टंटमनने मारली होती, हे त्याला नव्याने कळले. तो थोडा खट्टू झाला. सिनेमावरचा त्याचा जीव मात्र तिळभरही कमी झाला नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझीही इच्छा नव्हती.

आता त्याचे खरे वागणे पाहायचे होते. मी त्याला सहा आठवडे एक वही ठेवायला सांगितली. प्रत्येक फेरीनंतर चार गोष्टी लिहायच्या: बरोबर कोण होते, निघण्याआधीच्या पंधरा मिनिटांत काय घडले, काटा जास्तीत जास्त कुठपर्यंत गेला आणि मजा दहापैकी किती आली. शेवटचा रकाना त्याला पोरकट वाटला. तोच सर्वात उपयोगी ठरला.

वही वाचताना आम्ही दोघेही चकित झालो. सहा आठवड्यांत नऊ वेळा काटा शंभरच्या पुढे गेला होता. सिनेमा पाहून निघाल्यावर असे एकदाच झाले होते. दोनदा मित्र बरोबर होते, आणि त्यात मला नवल वाटले नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, समवयस्क पाहत असताना किशोरवयीन आणि तरुण मुलांनी गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात एकट्याने खेळतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला होता, आणि मोठ्या माणसांत हा फरक त्या मानाने अगदीच कमी होता. उरलेल्या सहा नोंदींच्या 'निघण्याआधी' या रकान्यात मात्र एकच शब्द होता: "बाबा".

भांडणाचे विषय बदलत असत. कधी नोकरी, कधी उशिरा उठणे, आणि बहुतेकदा खुद्द गाडीच. निघताना वडील दारात उभे राहून 'हळू जा, परवा तो अमका गेला' असे सुनवायचे, मुलगा उत्तर न देता किल्ली फिरवायचा आणि कोपऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिसरा गिअर पडलेला असायचा. म्हणजे हळू जाण्याचा उपदेशच त्याला वेगात पाठवत होता. त्याची स्वतःची समजूत अशी होती की गाडी पळवली की राग निवतो. मी त्याला या सहा नोंदींतले मजेचे आकडे मोठ्याने वाचायला लावले. तीन, चार, दोन, तीन, चार, तीन. उलट ज्या फेरीला त्याने नऊ गुण दिले होते, ती पहाटेच्या वळणावळणाच्या रस्त्यावरची होती आणि तिथे काटा सत्तरच्या पुढे गेलाच नव्हता.

डॉल्फ झिलमन या संशोधकाने 1970 च्या दशकात जे मांडले, ते इथे चपखल बसते. एका प्रसंगाने शरीर चेतवले की ती चेतना तो प्रसंग संपताक्षणी ओसरत नाही. धडधडणारी छाती आणि ताठलेले हात घेऊनच माणूस पुढच्या प्रसंगात शिरतो आणि उरलेली ती चेतना त्या नव्या प्रसंगाचीच आहे असे समजतो. रागाने धपापणारा मुलगा गाडीवर बसतो, त्याला वाटते की हा वेगाचा थरार आहे, आणि हाताखाली ॲक्सिलरेटर असल्यामुळे शिल्लक राग सरळ इंजिनात उतरतो. मजेचे आकडे एवढे कमी का, हे त्याला तेव्हा उमगले. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे त्या वेळी मी गाडी चालवतच नसतो."

वडिलांना हे सांगणे अवघड होते, कारण दोष तुमचा आहे असे त्यांना वाटले असते तर ते उठूनच गेले असते. मी फक्त एवढेच विचारले की मुलगा बाहेर पडल्यावर तुम्ही काय करता. ते म्हणाले, "खिडकीत उभा राहून आवाज ऐकतो. कोपऱ्यावर त्याने गिअर कसा टाकला यावरून मला कळते, आज कसा गेला ते." मुलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. वडील कधी खिडकीत उभे असतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. आम्ही दोघांनी सहा आठवडे वही लिहून जे शोधले, ते या गृहस्थांना कानाने कधीचेच कळलेले होते. फक्त ते सिनेमाच्या नावावर जमा होत होते.

त्यातून दोन करार झाले. घरात वादावादी झाली तर मुलाने वीस मिनिटे गाडी सुरू करायची नाही, हवे तर पायी फेरी मारून यावे. आणि मुलगा बूट घालू लागल्यापासून बाहेर पडेपर्यंत वडिलांनी नोकरी, अपघात आणि गाडी हे तीन विषय काढायचे नाहीत. दुसरा करार पाळणे जास्त कठीण गेले. पहिल्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला, "मग निघताना बोलायचे तरी काय?" मी म्हटले, काही न बोललात तरी चालेल. हा सल्ला त्यांना मुळीच आवडला नाही, हे त्यांच्या आवाजावरून स्पष्ट कळत होते.

वेगाचे गणितही मी त्याच्यापुढे मांडले, पण भीती घालण्यासाठी नव्हे. ताशी 60 किलोमीटरला गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते, आणि धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी सुमारे 20 मीटर लागतात. वेग दुप्पट केला की पहिला आकडा दुप्पट होतो, पण दुसरा चौपट, म्हणजे 80 मीटरच्या घरात जातो. शिवाय बराच वेळ शंभरने गेल्यावर साठ म्हणजे रांगल्यासारखे वाटू लागते, त्यामुळे चालकाचा स्वतःचा अंदाज नेमका वळणावर दगा देतो. आणि सार्वजनिक रस्त्यावर पणाला लागतो तो एकट्या चालकाचा जीव नसतो, हे मी त्याला जितके रोखठोक सांगता येईल तितके सांगितले.

त्यावर त्याने माझ्यापुढे बर्ट मन्रोचे उदाहरण ठेवले. न्यूझीलंडच्या या माणसाने 1920 च्या बनावटीची इंडियन स्काउट मोटरसायकल अनेक दशके आपल्या हातांनी घडवली, तिचे पिस्टनसुद्धा घरीच ओतले आणि 1967 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, बॉनव्हिलच्या मिठागरी पठारावर ताशी सुमारे 295 किलोमीटरचा विक्रम केला. "त्याला तुम्ही काय म्हणाल?" असे त्याने विचारले, आणि मला तो प्रश्न मनापासून आवडला. मी म्हटले, मन्रोने तो वेग गाठला तो मैलोन् मैल आडवे येणारे काहीच नाही अशा जागी, आणि आदल्या रात्री कोणाशी भांडून नव्हे. त्यानंतर मुलगा बंदिस्त ट्रॅकवर प्रशिक्षण देणाऱ्या एका शाळेत जाऊ लागला. पहिला दिवस ब्रेक मारण्यात आणि चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढण्यात गेला, आणि त्यात त्याने गाडी दोनदा आडवी पाडली. वळणावर नजर जिथे जाते तिथे गाडी जाते, म्हणून खड्ड्याकडे पाहायचेच नाही, हे तिथे शिकून आल्यावर त्याने मला खुर्चीवर बसून हातवारे करत समजावले.

याचा अर्थ किल्ली कधीच काढून घेऊ नये असा नाही. मुलगा दारू पिऊन गाडी चालवत असेल, रस्त्यावर शर्यती लावत असेल, अपघातामागून अपघात होत असतील किंवा मरणाची भाषा करत असेल, तर किल्ली त्याच दिवशी घ्यावी आणि मदतही त्याच दिवशी शोधावी. पण या घरी किल्ली घेतली असती, तर मित्राची गाडी त्याला तासाभरात मिळाली असती आणि वही मात्र कधीच लिहिली गेली नसती.

वही अजून चालू आहे. चौथ्या महिन्यात तिच्यात एक नोंद आली. एकटा, निघण्याआधी काही घडले नाही, काटा एकशे तीस, मजा नऊ. त्याने ती माझ्यापुढे सरकवली आणि गप्प बसला. आम्ही पुढची दोन्ही सत्रे त्या एका ओळीवर घालवली, कारण तिच्यात ना राग होता, ना सिनेमा, ना बाबा.