विद्यार्थी घटले, मग कात्री आमच्याच विभागावर का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही विद्यापीठाच्या एका भाषा विभागात तासिका तत्त्वावर शिकवता, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला यंदा नऊच जण आहेत, आणि विद्यार्थीसंख्या घटल्यामुळं विभागांच्या तरतुदीत कपात करायची असं परिपत्रक आलंय. तुमच्या तासिकाही कमी होणार. नऊ पोरांमुळं विद्यापीठ बुडतंय का, आणि विभाग बंद पडणार का, असं तुम्ही विचारलंय.

मी मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठात वित्त विभागात बरीच वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोणतं विद्यापीठ ते सांगत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझाही हात आहे.

नऊ पोरांमुळं काहीही बुडत नाही. विभागातल्या विद्यार्थ्यांची फी विद्यापीठाच्या हिशेबात हळदीकुंकवाला पुरेल एवढीच असते. मंजूर पदांवरच्या कायम प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार शासन देतं. बाकीचा गाडा विद्यापीठाला स्वतःच्या निधीतून ओढावा लागतो. कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक, वीज, पाणी, परीक्षा आणि तुमच्या तासिका, सगळं त्यातच आलं. हा निधी येतो संलग्न महाविद्यालयांकडून. परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क, संलग्नता शुल्क, पदवी प्रमाणपत्राचे पैसे, आणि जुन्या ठेवींवरचं व्याज. म्हणजे तुमच्या विभागाचं भाडं बीड, जालना, धाराशिवकडच्या तालुक्यातल्या बी.ए., बी.कॉम.च्या पोरांनी भरलेल्या परीक्षा अर्जांतून निघतं. ती पोरं कमी झाली की झळ तुमच्यापर्यंत येते. तुमचे नऊ तिथं कुणी मोजतच नाही.

ती का कमी झाली, यावर आमच्याकडं एकच उत्तर ठरलेलं असतं: "सगळी पुण्याला गेली." गेली, खरंच गेली. पण एवढ्यावर भागत नाही.

2021 आठवा. कोरोनामुळं बारावीची परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल लागला 99.63 टक्के. एरवी जी पोरं बारावीला अडकायची तीसुद्धा प्रथम वर्षाला आली. तीन वर्षं ही फुगलेली तुकडी परीक्षा शुल्क भरत राहिली आणि 2024 ला बाहेर पडली. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी अंदाजपत्रकं केली, त्यांनी हा पूर कायमचा धरला. आता जे "घटले" म्हणून दिसतंय त्यातला एक भाग म्हणजे नदी पुन्हा आपल्या पात्रात आली, एवढाच आहे.

दुसरं कारण कुणी बोलत नाही, कारण त्यावर मोर्चा काढता येत नाही. मुलंच कमी जन्मली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 2005-06 मध्ये 2.1 च्या आसपास होता, 2019-21 मध्ये 1.7 वर आला. आज जी प्रथम वर्षाला बसलीत ती त्या 2005-06 च्या सुमाराची. 1.7 वाली अजून बालवाडीत-पहिलीत आहेत. म्हणजे ही उतरंड अजून बरीच खाली जायचीय, आणि कुठलीही जाहिरात किंवा प्रवेश मेळावा ती चढवून देणार नाही.

तिसरं, जी आहेत ती वाटली गेली. लातूरच्या शिकवण्यांतून नीटकडं गेली, नर्सिंग-फार्मसीकडं गेली, आयटीआयकडं गेली. मुलींना 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ झालं. फार चांगलं झालं, पण जी पोरगी गावाजवळ आहे म्हणून बी.ए. करायची, तिच्या घरचेही आता दुसरा विचार करू लागले. त्याच वर्षी बीबीए-बीसीएला सीईटी आली. तालुक्याच्या पोराला सीईटीचा फॉर्म कधी सुटला तेच कळलं नाही आणि कॉलेजच्या जागा तशाच राहिल्या.

आणि चौथं, जे लिहिताना हात जड होतो. पटावरची सगळी पोरं आधीही खरी नव्हती. नाव गावच्या कॉलेजात, मुक्काम पुण्यात, अभ्यास एमपीएससीचा आणि उगवायचं फक्त परीक्षेला, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अनुदानित तुकडी टिकवायची तर पटसंख्या दाखवावी लागते, तुकडी गेली की कार्यभार जातो, कार्यभार गेला की माणूस अतिरिक्त ठरतो. म्हणून नावं भरली जायची. आता प्रवेश ऑनलाइन, पोरांनी मिळवलेल्या क्रेडिटची (श्रेयांकांची) खाती ऑनलाइन, त्यामुळं एकच पोरगं दोन ठिकाणी दाखवणं जड जातंय. घटलेल्या आकड्यात ही भुतंही आहेत. पण ताई, परीक्षा शुल्क भुतंही भरत होती! विद्यापीठाच्या तिजोरीला तो पैसा खराच होता.

आता खर्चाकडं या. खरी गोम तिथं आहे, आणि वर्तमानपत्रात ती कधी छापून येत नाही.

विद्यार्थी घटले की परीक्षेचं उत्पन्न त्याच प्रमाणात घटतं, खर्च मात्र घटत नाही. एका विषयाची प्रश्नपत्रिका काढायला जेवढं मानधन लागतं ते दहा पोरांना तेवढंच आणि हजार पोरांना तेवढंच. केंद्रावर केंद्रप्रमुख, सहकेंद्रप्रमुख, लिपिक, शिपाई लागतातच, मग तिथं चाळीस बसोत की चारशे. भरारी पथकाच्या गाडीला डिझेल तेवढंच. पोरांच्या संख्येप्रमाणं कमी-जास्त होतात त्या उत्तरपत्रिका आणि तपासणीचं मानधन, पण तो खर्चाचा एकच तुकडा आहे.

त्यात 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला, व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे, वर भारतीय ज्ञानप्रणाली. धोरण बरं की वाईट यात मी शिरत नाही, मी हिशेबाचा माणूस. हिशेब असा की विषयांची यादी वाढली आणि विद्यार्थी कमी झाले. पूर्वी एका पेपरला जिल्हाभर पोरं बसायची, आता काही विषयांना अख्ख्या विद्यापीठात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका, वेगळं पाकीट, वेगळा परीक्षक. विद्यापीठ तुटीत जातं ते इथं.

वर महाविद्यालयांची संख्या. 1958 ला औरंगाबादला विद्यापीठ झालं त्याआधी आपली मंडळी हैदराबादच्या उस्मानियावर अवलंबून होती, तेव्हा गावोगावी कॉलेज ही खरी भूक होती. 1994 ला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं, तेही गरजेचंच होतं. पण नंतर बृहत आराखड्यात, म्हणजे नवी कॉलेजं कुठं काढायची त्या विद्यापीठाच्या आराखड्यात, दरवर्षी नव्या कॉलेजांचे बिंदू पडत गेले. एका तालुक्यातली तीच पोरं आधी दोन कॉलेजांत होती, मग पाच कॉलेजांत वाटली. नवं कॉलेज म्हणजे नवं संलग्नता शुल्क, म्हणून वित्त विभागात आम्हाला गोडच वाटायचं. त्याच्या मागं नवं केंद्र, नव्या समित्यांचे दौरे आणि नवे प्रवासभत्ते येतात, हे आम्ही वेगळ्या शीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या वेगळ्या सदरात लिहायचो. दोन्ही आकडे एका पानावर कधी आलेच नाहीत.

आणि आपल्या भागाचं एक खास दुखणं. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होतं. 2018 ला राज्यात 151 तालुके जाहीर झाले, त्यात मराठवाडा ठासून होता. माफी द्यायलाच पाहिजे, त्या पोरांच्या घरी खायचे वांधे होते. पण विद्यापीठाला त्या वर्षीची परीक्षा स्वतःच्या पैशानं घ्यावी लागते आणि शासनाकडून भरपाई यायची तेव्हा येते. येईपर्यंत ठेवी मोडायच्या. ठेव मोडली की पुढच्या वर्षीचं व्याज कमी, मग पुढच्या वर्षी कपात. ही साखळी लावून बघितलीत तर कळेल की आजच्या तुमच्या परिपत्रकाला जुन्या कोरड्या पावसाळ्यांचाही वास आहे.

मग कात्री परीक्षेवर का चालत नाही? कारण परीक्षा थांबली तर दुसऱ्या दिवशी फाटकावर आंदोलन येतं. ग्रंथालयाचं मासिक बंद झालं तर कुणी येत नाही. एवढं साधं आहे ते.

माझ्या हाताची गोष्ट. एका विभागप्रमुखांनी ग्रंथखरेदी आणि अभ्यासदौऱ्यासाठी तरतूद मागून घेतली होती. प्रस्ताव गेला, खरेदी समितीची बैठक लांबली, तीन दरपत्रकांपैकी एक अपुरं निघालं, जानेवारीत फाइल परत. मार्च आला, पैसा पडून राहिला, तरतूद व्यपगत झाली, म्हणजे मुदत संपून रद्द झाली. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला बसलो तेव्हा 'प्रत्यक्ष खर्च' या रकान्यात शून्य. वरून आदेश होता, जिथं खर्च झाला नाही तिथं कापा. मी लाल पेनानं कापलं. फाइल कुणामुळं अडली होती ते मला माहीत होतं, माझ्याच टेबलावर ती बारा दिवस पडून होती. पण त्या रकान्यात कारण लिहायला जागा नसते. दुसऱ्या वर्षी सर भेटले तर म्हणाले, "तुम्ही आम्हाला उपाशी ठेवलं आणि मग म्हणालात, यांना भूकच नाही." मी चहा मागवला, दुसरं काय करणार.

म्हणून आधी तुमच्या विभागाची गेल्या तीन वर्षांची 'तरतूद', 'सुधारित अंदाज' आणि 'प्रत्यक्ष खर्च' हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. अर्थसंकल्पाची छापील प्रत अधिसभेच्या (सिनेटच्या) प्रत्येक सदस्याकडं असते, मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. जिथं खर्च शून्य आहे तिथं फाइल कोणत्या तारखेला कुठं होती ते आवक-जावक नोंदवहीतून काढा. "आमच्यावर अन्याय झाला" या वाक्यानं वित्त व लेखा समितीत कुणाची झोप मोडत नाही, तारखांनी मोडते.

विद्यार्थ्यांचा आकडा मांडताना एक सावधगिरी. फक्त पहिल्या वर्षाचा आकडा देऊ नका. 2024-25 ला पदवीला बसलेली मुलं 2027 ला तीन वर्षं पुरी करतील. त्यातली काही नव्या धोरणातल्या चौथ्या वर्षाला कॉलेजातच थांबतील आणि नंतर एकवर्षीय एम.ए.साठी तुमच्याकडं येतील. म्हणजे 2027-28 ला तुमचं पहिलं वर्ष आणखी रिकामं दिसणार, आणि कुणीतरी ताबडतोब म्हणणार की बघा, बंदच करा. हे आत्ताच लेखी नोंदवून ठेवा.

विभाग बंद पडेल का? माझ्या अनुभवात विभाग बंद करत नाहीत, वाळू देतात. कायम माणूस निवृत्त होतो, पद भरलं जात नाही, तासिकांवर चालतं, मग तासिका कमी होतात. त्यामुळं तुमच्या विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे नऊ पोरांपेक्षा जास्त महत्त्वाचं. एकही कायम माणूस उरला नसेल तर काळजी करा. दोन असतील तर अजून वेळ आहे, आणि त्या दोघांना पुढं करून लढा, तुम्ही एकट्या पुढं होऊ नका. तासिकेवरच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही, जूनमध्ये पुन्हा बोलावलं नाही की झालं.

विलीनीकरणाचा प्रस्ताव आला तर लगेच भडकू नका. नांदेडला भाषांची मिळून संकुलाची रचना आहेच. कार्यालय एक करा, लिपिक एक, झेरॉक्स मशीन एक, ग्रंथालयाची खोली एक, याला हरकत घेऊ नये. अभ्यासक्रम आणि पदं एक करायला निघाले तर मात्र तिथं अडून बसा.

'कमवा आणि शिका', म्हणजे पोरांनी विद्यापीठात काम करून पैसे मिळवायची योजना, तिला हात लावू देऊ नका, हे एवढं माझं ऐका. रक्कम किरकोळ असते म्हणून ती कापायला सोपी. पण तुमच्या नऊमधली दोन-तीन पोरं त्या पैशावर खानावळ भागवत असतील. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात, घरून काही यायचं नसतं. ते पैसे दोन महिने थकले की पोरगं सांगत नाही, फक्त दिसेनासं होतं, आणि मग नऊचे सात होतात.

नोंदणीकृत पदवीधरांमधून अधिसभेवर दहा जण निवडून जातात. तुमच्या जिल्ह्याचा कोण आहे ते शोधा आणि त्याला एकच प्रश्न विचारायला सांगा: पन्नासपेक्षा कमी परीक्षार्थी असलेली केंद्रं किती, आणि त्यांच्यावर दर परीक्षार्थी खर्च किती? उत्तर "माहिती संकलित करण्यात येत आहे" असंच येईल. पुढच्या बैठकीला तोच प्रश्न पुन्हा लावायचा.

अर्थसंकल्पातली तुमच्या विभागाची आणि 'परीक्षा' शीर्षाची पानं हाती लागली की फोटो इथं टाका. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेवढा फोटो उजेडात काढा.